नोड-एक्सप्रेसच्या साइटवर ऑनलाइन पेमेंट कसं जोडायचं

पेमेंट गेटवे (ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन ते तुमच्यापर्यंत पोचवणारी सेवा) जोडणं म्हणजे साइटवर 'पैसे भरा'चं बटण बसवणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. बटण अर्ध्या तासात बसतं. खरी डोकेदुखी पुढे असते: ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेलेले आहेत, बँकेचा एसएमएस तो तुम्हाला फॉरवर्ड करतोय, आणि तुमच्या डेटाबेसमध्ये त्याची ऑर्डर अजून 'पेंडिंग' आहे. ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, यावरच या लेखाचा जास्त भर आहे.

उदाहरणाला दिवाळी अंक विकणारी एक छोटी साइट घेऊ. एका अंकाची किंमत ₹३५०, सर्व्हर नोड आणि एक्सप्रेसवर, डेटाबेस पोस्टग्रेस, गेटवे रेझरपे. दुसरा कुठला भारतीय गेटवे घेतलात तर नावं बदलतील, क्रम साधारण हाच राहील. जावास्क्रिप्ट आणि एक्सप्रेसचे रूट तुम्हाला लिहिता येतात, हे गृहीत धरतो.

पहिली पायरी: खातं आणि किल्ल्या

रेझरपेच्या डॅशबोर्डवर खातं उघडलं की टेस्ट मोड, म्हणजे खऱ्या पैशांशिवाय सगळं चालवून बघायची सोय, लगेच वापरता येतो. खरे पैसे घ्यायला मात्र केवायसी लागतं: पॅन, बँक खातं, शिवाय साइटवर अटी, परताव्याचं धोरण आणि संपर्क ही पानं. ही पानं सगळ्यांना शेवटच्या दिवशी आठवतात आणि त्यापायी दिवाळी निघून जाते. कोड लिहायच्या आधी ती लिहून टाका.

टेस्ट मोडमध्ये दोन गोष्टी मिळतात, की-आयडी आणि की-सीक्रेट. आयडी ब्राउझरमध्ये दिसला तरी चालतो. सीक्रेट तयार होताना एकदाच दाखवलं जातं, तेव्हाच जपून ठेवा. ते कोडमध्ये लिहायचं नाही, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, आणि एन्व्ह फाईल गिटइग्नोरमध्ये टाकायची. चुकून गिटवर गेलंच, तर फाईल डिलीट करून भागत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ते तसंच राहतं. सरळ डॅशबोर्डवर जाऊन नवी की काढा.

दुसरी पायरी: ऑर्डर सर्व्हरवर तयार करा

एनपीएमवरून एक्सप्रेस आणि रेझरपे ही दोन पॅकेजेस घ्या. सही (निरोप खरंच रेझरपेकडून आला याची खूण, ती चौथ्या पायरीत येईल) तपासायला लागणारं क्रिप्टो मॉड्यूल नोडमध्ये आधीच असतं.

आता एक पोस्ट रूट लिहा. ब्राउझरने या रूटला फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कुठला अंक आणि किती प्रती. किंमत पाठवायची नाही, आणि पाठवली तरी सर्व्हरने ती वाचायची नाही. ब्राउझरमधून आलेला कुठलाही आकडा डेव्हलपर टूल्स उघडून कोणीही बदलू शकतो. किंमत तिथून घेतलीत तर ₹३५०चा अंक कोणीतरी ₹१ला नेईल, आणि सही, वेबहुक (तो पाचव्या पायरीत येईल) सगळं बिनचूक पार पडेल. किंमत आपल्या डेटाबेसमधून काढा, टपालखर्च सर्व्हरवरच मिळवा.

रक्कम पैशांत द्यायची असते. म्हणजे ₹३५० म्हणजे ३५०००. इथे जावास्क्रिप्टचा एक जुना खोडसाळपणा आडवा येतो. १९.९९ गुणिले १०० केलं तर उत्तर १९९९ येत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. पुढचा अपूर्णांक छाटला की एक पैसा गेला आणि हिशेब जुळेना. म्हणून डेटाबेसमध्येच किंमत पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. रुपये फक्त पडद्यावर दाखवताना करा.

रेझरपेच्या ऑर्डर तयार करण्याच्या फंक्शनला रक्कम, चलन (आयएनआर) आणि रिसीट द्यायची. रिसीटमध्ये तुमच्या स्वतःच्या ऑर्डरचा क्रमांक घाला, त्याला ४० अक्षरांची मर्यादा आहे. उत्तरात रेझरपेचा ऑर्डर आयडी येतो. तो तुमच्या ऑर्डरच्या ओळीत लिहून ठेवा, स्थिती 'पेंडिंग' करा, आणि मगच तो आयडी ब्राउझरला परत द्या. ग्राहकाचं पहिलं पेमेंट फसलं आणि तो पुन्हा प्रयत्न करतोय, तर हीच ऑर्डर पुन्हा वापरा. एका ऑर्डरवर कितीही फसलेले प्रयत्न चालतात, पण एकदा पैसे भरले गेले की तिच्यावर दुसऱ्यांदा भरता येत नाहीत. दर क्लिकला नवी ऑर्डर काढणाऱ्या साइटवरच ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात.

तिसरी पायरी: चेकआउट

ही सगळ्यात सोपी. रेझरपेची चेकआउट स्क्रिप्ट पानावर घ्या, तिला की-आयडी आणि ऑर्डर आयडी द्या, खिडकी उघडते. यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग सगळं त्यात आलं.

कार्डाचा फॉर्म स्वतः बनवायचा मोह आवरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. गेटवेच्या खिडकीत नंबर टाकला की तो तुमच्या सर्व्हरपर्यंत येतच नाही, आणि ती जबाबदारीही येत नाही.

चौथी पायरी: सही तपासा

पैसे भरले गेले की चेकआउट ब्राउझरच्या हाती तीन गोष्टी देतं: पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी आणि सही. त्या तुमच्या सर्व्हरला पाठवा. सर्व्हरने ऑर्डर आयडी, मग उभी रेघ (|), मग पेमेंट आयडी अशी एकच स्ट्रिंग जोडायची, की-सीक्रेट वापरून तिचा एचमॅक-एसएचए-२५६ हॅश (सीक्रेटशिवाय काढता न येणारा मजकुराचा ठसा) काढायचा, आणि तो आलेल्या सहीशी जुळतो का ते बघायचं. सीक्रेट फक्त तुम्हाला आणि रेझरपेला माहीत आहे, त्यामुळे तिसऱ्या कोणाला ही सही बनवता येणार नाही.

दोन बारकावे. ऑर्डर आयडी ब्राउझरकडून आलेला वापरू नका, आपल्या डेटाबेसमधला घ्या. नाहीतर कोणी स्वतःच्याच जुन्या, स्वस्त ऑर्डरची खरी सही नव्या महाग ऑर्डरला चिकटवेल. दुसरं, तुलना क्रिप्टो मॉड्यूलच्या 'टायमिंग सेफ इक्वल' फंक्शनने करा. पण त्याला दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या लागतात, नसतील तर ते एरर फेकतं. म्हणून लांबी आधी तपासा, म्हणजे कोणी अर्धवट सही पाठवली म्हणून रूट कोसळणार नाही.

सही जुळली की ग्राहकाला 'धन्यवाद'चं पान दाखवा. बरेच लेख इथेच संपतात, आणि बऱ्याच साइटही.

पाचवी पायरी: वेबहुक, म्हणजे मुख्य काम

आपल्याकडे ग्राहक बहुतेक वेळा मोबाइलवरून यूपीआयने पैसे भरतो. चेकआउटमधून यूपीआय ॲप उघडतं, ब्राउझर मागे जातो. फोन जुना असला तर अँड्रॉइड तो टॅब बंद करून टाकतो. कधी ग्राहकच पिन टाकून, टिक दिसली की फोन खिशात ठेवतो. लोकलमध्ये बोगदा आला की नेट जातं ते वेगळंच. पैसे गेले, पण ब्राउझर तुमच्या सर्व्हरपर्यंत काही परत आला नाही. चौथ्या पायरीवर विसंबलात तर ही ऑर्डर कायमची पेंडिंग.

म्हणून रेझरपेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो, ते वेबहुक. पैसे आले की नाही, हे मी तरी फक्त यावरूनच ठरवतो. ब्राउझरचा निरोप 'धन्यवाद' लवकर दाखवण्यापुरता. डॅशबोर्डवर वेबहुकचा पत्ता द्या, त्यासाठी एक वेगळं सीक्रेट ठरवा (की-सीक्रेट इथे वापरायचं नाही), आणि निदान 'ऑर्डर पेड' आणि 'पेमेंट फेल्ड' या दोन घटना निवडा.

वेबहुकची सही 'एक्स-रेझरपे-सिग्नेचर' या हेडरमध्ये येते. ती रिक्वेस्टच्या मूळ, न उघडलेल्या मजकुरावर काढलेली असते. आता एक्सप्रेसमध्ये आपण सवयीने वरतीच जेसन पार्सर लावतो. तो मजकूर उघडून ऑब्जेक्ट करतो. तुम्ही त्या ऑब्जेक्टचं पुन्हा जेसन करून हॅश काढलात, की एखाद्या स्पेसचा फरक पडतो आणि सही जुळत नाही. 'सही जुळतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. उपाय: वेबहुकचा रूट जेसन पार्सरच्या आधी लिहा, त्याला एक्सप्रेसचा 'रॉ' पार्सर लावा, मिळालेल्या बफरवर हॅश काढा, आणि सही जुळल्यावरच जेसन उघडा.

पुढे उत्तर. रेझरपे ५ सेकंद वाट बघतं. तेवढ्यात २००चं उत्तर मिळालं नाही तर २४ तास अधूनमधून पुन्हा पाठवत राहतं, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर वेबहुक बंद करतं. त्यामुळे या रूटमध्ये ईमेल पाठवणं, पावतीची पीडीएफ बनवणं असली कामं करत बसू नका. घटना डेटाबेसमध्ये लिहा, उत्तर द्या, बाकीचं रांगेत टाका.

पुन्हा पाठवण्याचा दुसरा अर्थ असा, की एकच घटना दोनदा येऊ शकते. 'ऑर्डर पेड' दोनदा आलं आणि दोन्ही वेळा अंक पाठवायची चिठ्ठी छापली गेली, तर ₹३५० आणि टपालखर्च तुमच्या खिशातून. प्रत्येक घटनेसोबत हेडरमध्ये इव्हेंट आयडी असतो. तो एका टेबलात युनिक कॉलम म्हणून ठेवा. आधीच असेल तर २०० देऊन सोडून द्या. ऑर्डरची स्थिती बदलतानाही 'ही ओळ अजून पेंडिंग असेल तरच पेड कर' अशीच अपडेट लिहा, आणि एक ओळ खरंच बदलली असेल तरच पुढचं काम करा. घटना क्रमाने येतील असंही धरू नका: 'पेड' आधी आणि आधीच्या प्रयत्नाचं 'फेल्ड' मागून येऊ शकतं. पेड झालेली ऑर्डर फेल्ड कधीही करायची नाही.

डॅशबोर्डवर ऑटो-कॅप्चर सुरू आहे ना, तेही बघा. ऑथराइज्ड म्हणजे बँकेने रक्कम मंजूर केली, कॅप्चर्ड म्हणजे तुम्ही ती स्वीकारली. स्वीकारलीच नाही तर मुदत संपल्यावर ती ग्राहकाला परत जाते, तोवर तुमचा अंक कुरिअरने निघालेला असतो.

एवढं करूनही एखादा वेबहुक हुकतो. तुमचाच सर्व्हर त्या वेळी बंद असेल. म्हणून दर पंधरा मिनिटांनी चालणारा एक क्रॉन जॉब ठेवा. बराच वेळ पेंडिंग असलेल्या ऑर्डरी काढायच्या, प्रत्येकीवर काय पेमेंट झालं ते रेझरपेच्या एपीआयला विचारायचं आणि स्थिती सुधारायची.

तपासणी आणि लाइव्ह

टेस्ट मोडमध्ये 'सक्सेस ॲट रेझरपे' हा यूपीआय आयडी टाकला की पेमेंट यशस्वी होतं, 'फेल्युअर ॲट रेझरपे' टाकला की फसतं. तुमच्या लॅपटॉपवरच्या लोकलहोस्टपर्यंत वेबहुक पोचत नाही, त्यासाठी एनग्रोकसारखं टनेल, म्हणजे इंटरनेटवरून लॅपटॉपपर्यंत वाट करून देणारं साधन, लागतं. मुद्दाम एकदा पैसे भरल्याबरोबर टॅब बंद करून बघा, ऑर्डर पेड झाली पाहिजे. त्याच घटनेचा मजकूर सहीसकट पुन्हा पाठवून बघा, काहीच घडता कामा नये.

लाइव्हला जाताना की-आयडी आणि की-सीक्रेट बदलतात हे सगळ्यांच्या लक्षात असतं. वेबहुकही लाइव्ह मोडमध्ये वेगळा नोंदवावा लागतो, हे राहून जातं. नोंदवला की स्वतःच एक अंक विकत घ्या आणि एपीआयमधून त्याचं रिफंड करा. रिफंडची रक्कमही पैशांतच द्यायची, आणि दोनपैकी एकच प्रत परत आली तर अर्धवट रिफंडही करता येतं.

हिशेब ठेवणाऱ्यासाठी एक गोष्ट आधीच करून ठेवा. गेटवेचा सर्वसाधारण दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरला, तर ₹३५०वर ₹७ आणि ₹१.२६ असे ₹८.२६ कापून ₹३४१.७४ बँकेत येतात. रेझरपेच्या पेमेंटच्या नोंदीत फी आणि टॅक्स असे दोन आकडे मिळतात: इथे ८२६ आणि १२६. फीमध्ये टॅक्स आधीच धरलेला असतो. दोन्हींची बेरीज वजा केलीत तर जीएसटी दोनदा कापला जाईल आणि बँकेच्या स्टेटमेंटशी एकही दिवस जुळणार नाही.