आयर्लंडची ग्रुप टूर घेण्याआधी पत्रक असं वाचा

आयर्लंडला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ग्रुप टूरनेच. पहिली टूर पाच दिवसांची, दुसरी वन्संना सोबत घेऊन नऊ दिवसांची. दोन्ही डब्लिनहून निघणाऱ्या, तिथलाच ड्रायव्हर-गाइड असलेल्या. पहिल्या टूरच्या पत्रकात गावांची नावं खचाखच भरली होती आणि ती यादी बघूनच मी पैसे भरले. प्रत्यक्षात त्यातली निम्मी गावं खिडकीतूनच मागे गेली. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि एकच गोष्ट मोजली: बसमधून उतरून पायाखाली जमीन किती तास मिळणार? टूर निवडायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही, म्हणून आधी तीच सांगते.

पत्रकातले शब्द नीट बघा. ‘व्हिजिट’ किंवा ‘एंट्री इन्क्लुडेड’ असेल तर तिकीट काढून आत नेतात. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. ‘पॅनोरॅमिक टूर’ म्हणजे बसमधूनच शहर दाखवणार. ‘व्हाया’ असेल तर गाडी त्या गावातून जाईल, एवढंच. ज्या ठिकाणांसाठी तुम्ही एवढ्या लांब निघालात, त्यांच्यापुढे यातला कोणता शब्द आहे ते बघा. शंका असेल तर बुकिंगवाल्यांना ईमेलने सरळ विचारा, ‘समुद्रकाठच्या मोहरच्या कड्यांवर आम्हाला किती मिनिटं मिळतात?’ चांगली कंपनी आकडा देते. दीड तासाच्या आतला आकडा आला तर मी तरी दुसरी टूर शोधेन.

दुसरी मोजणी रात्रींची. रोज नवं हॉटेल म्हणजे सकाळी सातला बॅगा दाराबाहेर, संध्याकाळी पुन्हा उघडा, आणि ज्या गावात राहिलो ते गाव कधी बघितलंच नाही. नऊ दिवसांत आमच्या मुक्कामांची मांडणी अशी होती: डब्लिन दोन रात्री, गॉलवे दोन, किलार्नी दोन, किलकेनी एक, शेवटची परत डब्लिन. ही मांडणी मी कुणालाही डोळे मिटून सांगेन. गॉलवे आणि किलार्नी दोन्ही पायी फिरण्याजोगी गावं आहेत, आणि दोन रात्री असल्या की दुसऱ्या संध्याकाळी रस्ते ओळखीचे होतात.

काळ निवडताना उजेडाचा विचार करा. जूनमध्ये गॉलवेला रात्री दहापर्यंत सूर्य असतो. टूरचा कार्यक्रम पाच-साडेपाचला संपतो, त्यामुळे पुढचे चार तास निव्वळ तुमचे. वन्सं आणि मी जेवण आटोपून स्पॅनिश आर्चपाशी जाऊन बसायचो. कॉरिब नदी तिथे समुद्राला मिळते, पाणी जोरात धावत असतं, आणि काठावरच्या गवतावर सगळं गाव येऊन बसलेलं असतं. ऑक्टोबरनंतर गेलात तर हे तास हातचे जातात.

व्हिसाचं काम विमानाच्या तिकिटाआधी समजून घ्या. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग त्याची सही केलेली प्रत आणि कागदपत्रं जमा करायची. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. तोवर बँकेची स्टेटमेंट्स, विमा, टूरचं बुकिंग सगळं एका फाइलीत तयार ठेवा. आणि टूरमध्ये बेलफास्ट किंवा जायंट्स कॉजवे असेल तर सावध व्हा. तो भाग उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंग्डम. हद्दीवर चौकी नाही, पासपोर्टही सहसा कुणी बघत नाही. रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात तेवढीच खूण. पण परवानगी असलीच पाहिजे. ब्रिटिश-आयरिश योजनेत व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं असतील, तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात पहिल्यांदा उतरायचं. ती अक्षरं नसतील तर यूकेचा वेगळा व्हिसा लागतो, आणि परत डब्लिनला यायचं म्हणून आयर्लंडचाही मल्टिपल एंट्रीचा. उत्तरेत पाउंड चालतात, बाकी सगळीकडे युरो.

टूर सुरू व्हायच्या निदान एक दिवस आधी डब्लिनला पोचा. विमानतळावर रेल्वे नाही. शहरात जायला बस किंवा टॅक्सी. हा मोकळा दिवस मी किल्मेनम तुरुंगासाठी राखून ठेवते. तिथे गाइडसोबतच आत जाता येतं आणि तिकिटं आधीच संपतात, म्हणून घरूनच ऑनलाइन काढा. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावानंतर १४ नेत्यांना इथे गोळ्या घातल्या. दगड फोडायचं जे आवार होतं, तिथे आज दोन साधे काळे क्रूस उभे आहेत. एका टोकाचा तेरा जणांसाठी. दुसरा फाटकाजवळ, एकट्या जेम्स कॉनलीसाठी. तो इतका जखमी होता की उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याला खुर्चीला बांधून मारलं. गाइड हे सांगत होती तेव्हा वन्संनी माझा हात घट्ट धरला. उठाव सुरू झाला २४ एप्रिलला, आणि त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली होती. होमरूल हा शब्द आपल्याकडे आयर्लंडहूनच आला. शाळेत पाठ केलेल्या शब्दाचं घर असं अचानक समोर आलं. तिथून नदीच्या बाजूने ओ’कॉनेल स्ट्रीटला या आणि उठावाचं मुख्य ठाणं असलेलं पोस्ट ऑफिस बघा. पोस्ट अजून चालू आहे. आम्ही तिथूनच घरी पत्रं टाकली.

ट्रिनिटी कॉलेजमधला ‘बुक ऑफ केल्स’ बहुतेक टूरमध्ये असतो. साधारण इसवी सन ८०० च्या सुमारास वासराच्या कातड्यावर लिहिलेली, रंगवलेली बायबलमधली पानं. नसेल तर त्याचंही तिकीट आधी काढा. चेस्टर बीटी संग्रहालय मात्र टूरवाले सहसा दाखवत नाहीत. डब्लिन कॅसलच्या आवारात आहे, प्रवेश मोफत, आणि तिथे मुघल काळातली चित्रं आहेत. पावसाची दुपार तिथे घालवा.

आता बसबद्दल. बऱ्याच टूरमध्ये रोज जागा बदलतात, त्यामुळे पहिल्या दिवशी पुढच्या सीटसाठी धावपळ करू नका. एक दिवस मात्र बाजू महत्त्वाची: रिंग ऑफ केरी. हा १७९ किलोमीटरचा वळसा. रस्ता अरुंद, म्हणून मोठ्या बसेस सगळ्या एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट जातात. म्हणजे समुद्र उजव्या हाताला, ड्रायव्हरच्या बाजूला येतो. त्या दिवशी तिकडची जागा मिळाली तर सोडू नका. बस वरचेवर का थांबते, असं कुरकुरणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. साडेचार तासांच्या गाडी चालवण्यामागे ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने घ्यावी लागते. त्या थांब्यांवर तुम्हीही उतरा, पाय मोकळे करा. माझ्या गुडघ्यांनी त्यामुळेच साथ दिली.

मोहरचे कडे. सर्वांत उंच जागी २१४ मीटर, खाली अटलांटिक. पहिल्या खेपेला आम्ही सकाळी दहाला पोचलो आणि धुक्यात पाच हातांपलीकडचं दिसेना. फक्त खालून लाटांचा आवाज. तासाभरात बस निघाली. दुसऱ्या टूरच्या गाइडने सकाळी नाश्त्यालाच आकाश बघून क्रम उलटा केला: आधी बरेनचं चुनखडीचं पठार, कडे दुपारी. तीनला पोचलो तेव्हा ऊन होतं. म्हणून बुकिंगच्या वेळी हेही विचारा, की हवा बघून क्रम बदलायची मोकळीक गाइडला असते का? ज्या टूरमध्ये ती असते ती थोडी महाग असली तरी घ्या.

तिथे उतरल्यावर गर्दी उजवीकडच्या ओब्रायन टॉवरकडे जाते. तुम्ही आधी डावीकडे, दक्षिणेच्या अंगाला जा. तिथून मागे वळून बघितलं की मनोऱ्यासकट कडे दिसतात. आणि वाटेच्या कडेला कठड्यासारख्या उभ्या केलेल्या फरशा हाताने चाचपून बघा. लिस्कॅनरचा दगड म्हणतात त्याला. त्याच्या अंगावर वळणावळणाच्या दोऱ्यासारख्या उठावदार रेघा आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या चिखलातून सरपटत गेलेल्या जिवांच्या त्या वाटा. वन्संनी एका रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं, मग दुसरीवरून. बाकीचे लोक फोटो काढत पुढे गेले होते. कठडा ओलांडून काठाशी मात्र अजिबात जाऊ नका. वारा तिथे खरोखर ढकलतो.

त्याच वाऱ्यामुळे छत्री घरीच ठेवा. टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट, आत पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, आणि भिजले तरी न घसरणारे बूट. बरेनच्या खडकांत खोल भेगा आहेत, तिथे चपला कामाच्या नाहीत. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

गॉलवेच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक टूर कॉनेमारात जातात, तळ्याकाठच्या कायलमोर ॲबीला. मिचेल हेन्रीने बायकोसाठी बांधलेला हा वाडा १९२० पासून बेनेडिक्टाइन जोगिणींकडे आहे. छान आहे, पण मला कॉनेमारा लक्षात राहिला तो दुसऱ्याच कारणाने. रणजी करंडक ज्यांच्या नावाने खेळला जातो, त्या नवानगरच्या रणजितसिंहांनी १९२४ मध्ये इथला बॅलिनाहिंच किल्ला विकत घेतला. सामन मासे धरायला आले आणि जागेच्या प्रेमात पडले. आता तिथे हॉटेल आहे आणि टूरच्या यादीत तो सहसा नसतो. मी गाइडला विचारलं, तर त्याने बस हळू करून ती दिशा दाखवली आणि पुढचा अर्धा तास रणजींच्या गोष्टी सांगितल्या. गाइडला प्रश्न विचारा. पत्रकात नसलेलं पुष्कळ असतं त्यांच्याकडे.

उत्तरेत गेलात तर जायंट्स कॉजवेसाठी दोन तास हवेत. सुमारे ४०,००० खांब, बहुतेक षटकोनी, सगळे बेसॉल्टचे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला हा दगड ओळखीचा वाटेल. फक्त इथे तो समुद्रात उतरत जातो. जाताना उतारावरून चालत जा, येताना छोटी बस घ्या.

जेवणाचं आधी कळवा, आणि ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर थांबू नका. वन्सं अंडंही खात नाहीत, ते मी बुकिंगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. नाश्त्यात ‘ब्लॅक पुडिंग’ दिसेल. नाव गोडाचं वाटतं, पण ते रक्त घालून केलेलं सॉसेज असतं. ‘व्हाइट पुडिंग’मध्येही डुकराचं मांस असतं. भाजीच्या सुपातलं पाणी चिकनचं आहे का, चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळतात का, हे विचारा. कुणी वाईट मानत नाही. तपकिरी सोडा ब्रेड आणि लोणी उत्तम, कांद्याची पात घातलेला बटाटा, ज्याला ‘चँप’ म्हणतात, तोही. दुपारचं जेवण बहुधा टूरमध्ये धरलेलं नसतं. आम्ही सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं घेऊन बाहेर बाकावर खायचो. चहा मात्र कुठेही घ्या. कडक आणि दूध घालून, आपल्यासारखाच.

संध्याकाळी पबमध्ये संगीत ऐकायला जा, दारू घ्यायलाच हवी असं नाही. वाजवणारे एका कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात. त्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी त्यांच्याच असतात. आणि पबमधली स्वच्छतागृहं: काही ठिकाणी दारावर फक्त आयरिशमध्ये लिहिलेलं असतं. ‘एम’ने सुरू होणारा शब्द म्नॉ, म्हणजे बायका. ‘एफ’चा फिर, म्हणजे पुरुष. आमच्या ग्रुपमधले दोघे चुकीच्या दारातून लगबगीने बाहेर आले, त्यानंतर गाइडने बसमध्ये सगळ्यांकडून हे दोन शब्द म्हणून घेतले.

ड्रायव्हर-गाइडची टीप सक्तीची नाही, पण द्यायची पद्धत आहे. पाकिटात रोख घालून शेवटच्या संध्याकाळीच द्या. निघायच्या सकाळी बॅगांच्या गडबडीत राहून जातं. वन्संनी पाकीट स्वतः दिलं. ‘गुरेव माह अगत,’ म्हणजे तुमचे आभार, असं म्हणायचं त्यांनी दोन दिवस बसमध्ये पुटपुटत पाठ केलं होतं. गाइडने टोपी काढली आणि एक उच्चार सुधारून दिला. वन्संनी पुन्हा म्हटलं.