क्वेडलिनबुर्गची टेकडी कशी पाहावी

आम्ही जर्मनीत, माग्डेबुर्गला राहतो. घरी भारतातून कुणी आलं की क्वेडलिनबुर्गची फेरी ठरलेली. रेल्वेने सव्वा तास लागतो. पहिल्यांदा मी आईला स्टेशनवरून थेट टेकडीवरच्या वाड्यात नेलं. सगळी दालनं फिरून झाल्यावर तिने विचारलं, “इथला राजा कोण होता गं?” राजा नव्हेच, इथे टेकडीवरच्या मठाच्या प्रमुख बायका, मठाधिपतिणी, सत्ता चालवत. तेव्हापासून मी क्रमच बदलला.

आधी बाजारचौकात जा. टाउन हॉलपाशी रोलांडचा, म्हणजे दंतकथांतल्या एका शूर सरदाराचा, दगडी पुतळा आहे, शहराच्या स्वातंत्र्याची खूण. टेकडीवरच्या मठाची सत्ता शहर जुमानेना, तेव्हा १४७७ मध्ये मठाधिपतीण हेडविगने आपल्या भावांचं, म्हणजे सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांचं, सैन्य बोलावलं. शहर हरलं आणि पुतळा पाडला गेला. तो पुन्हा उभा राहायला १८६९ साल उजाडलं. हेडविग गादीवर आली तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. ही गोष्ट पुतळ्यासमोरच सांगा, मुलंही कान देऊन ऐकतात.

मग चढा. चढण छोटी आहे, पण वाट दगडगोट्यांची. सपाट तळाचे बूट घाला.

वर गेल्यावर वाड्यातल्या संग्रहालयात लगेच शिरू नका. आधी शेजारच्या सेंट सर्व्हेशियस चर्चचं तळघर बघा (आत सोडण्याच्या वेळा विचारून ठेवा). जर्मन राजा पहिला हाइनरिश वारला आणि त्याच्या राणीने, माथिल्डेने, ९३६ मध्ये मुलाकडून, ओट्टोकडून, हा मठ स्थापन करवून घेतला. ती इथेच पुरलेली आहे. ओट्टोची मुलगीही माथिल्डेच. ती अकराव्या वर्षी मठाधिपतीण झाली, आणि ९९७ मध्ये सम्राट भाचा इटलीला गेला तेव्हा जर्मनीतला कारभार तिनेच सांभाळला, ९९९ मध्ये मरेपर्यंत. पुढच्या मठाधिपतिणींना साम्राज्याच्या सभेत आसन होतं, त्या स्वतःची नाणी पाडत. मठातल्या बाकी स्त्रियांना लग्न करून बाहेर पडायची मुभा होती. सोळाव्या शतकात मठ कॅथलिकचा लुथरन (प्रोटेस्टंट) झाला, तरी गादी बाईचीच राहिली, थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मठ बरखास्त होईपर्यंत.

तळघराच्या वर, चर्चमधल्या खजिन्यालाही वेळ द्या. १९४५ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने त्यातल्या वस्तू पळवल्या होत्या. बहुतेक १९९३ मध्ये परत आल्या.

संग्रहालय आता, सगळ्यात शेवटी. दुसऱ्या खेपेला आई तळघरातल्या तीन मठाधिपतिणींच्या, त्यांच्या आकृती असलेल्या, कबरींच्या पाट्यांपुढे बराच वेळ उभी होती. तिघींच्या हातात ग्रंथ आहे. तिने नावं विचारली आणि माझ्यामागून हळूहळू म्हटली: आडेलहाइड, बेआट्रिक्स, आडेलहाइड.