बचत गटाची वही पुन्हा पुन्हा लिहायची सवय कशी सुटली (माझा अनुभव)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात बचत गटाची सचिव आहे. त्रास असा, की सभेचं इतिवृत्त लिहिताना एक आकडा चुकला की मी अख्खं पान फाडायची अन् नव्यानं लिहायची. दिवसभर कापूस वेचून आल्यावर रात्री अकरापर्यंत हेच. अर्धी वही चुलीत गेली अन् तीन सभांची नोंद तशीच बाकी, तेव्हा रडूच आलं.

पेन्सिलीनं लिहून पाहिलं, तर बाया सही करेनात (बरोबरच आहे). व्हाइटनरनं उलट संशय वाढला.

जमलं ते असं. नवी वही आणली की आधी सगळ्या पानांवर नंबर टाकायचे, म्हणजे पान फाडलेलं लगेच दिसतं. आकडा चुकला की त्यावर एकच आडवी रेघ; खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला माझी अन् अध्यक्षाकाकूंची सही. सभा उठायच्या आत सगळं वाचून दाखवायचं. मग वही समाजमंदिराच्या कपाटात, घरी न्यायचीच नाही. ही अट सगळ्यात जड गेली. पहिल्याच सभेत ५०० चे ५००० झाले. रेघ मारताना हात थरथरला. कोणी मान वरही केली नाही.

रात्री मोकळ्या झाल्या, तेव्हा दहावीचा १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा) भरला. ‘तयारी झाल्यावर भरू’ म्हणत तीन वर्षं टाळला होता. भरला त्या दिवशी बीजगणिताचं पुस्तक उघडलंही नव्हतं.