न्यूयॉर्कात नवीन आलायत? महापौराची निवडणूक जूनपासून बघायला लागा

नवीन आलेलं जवळजवळ प्रत्येकजण मला एकच सांगतं, अगं आपल्याला कुठे मत द्यायचंय, महापौर कोण का होईना. मीपण आल्या आल्या हेच म्हणायचे. 2013 ला नोव्हेंबरमध्ये मोठी चुरस असेल म्हणून चहा घेऊन टीव्हीसमोर बसले तर डेमोक्रॅट पक्षाचा बिल डी ब्लासिओ 70 टक्क्यांच्या वर मतं घेऊन आरामात आला, खरी मारामारी सप्टेंबरच्या प्रायमरीतच होऊन गेलेली आणि मला पत्ताच नाही. आता ती प्रायमरी जूनमध्ये असते.

प्रायमरी म्हणजे तिकीटवाटप समजा. आपल्याकडे तिकीट वरून येतं, इथे पक्षात नाव नोंदवलेले मतदार मत देऊन ठरवतात, आणि या शहरात डेमोक्रॅट मतदार इतके जास्त आहेत की त्यांचं तिकीट मिळालं की बहुतेक वेळा काम झालंच. प्रायमरीत मत द्यायचं तर त्या पक्षात नोंद पाहिजे, आणि पक्ष बदलायची मुदत 14 फेब्रुवारीलाच संपते. नागरिकत्व मिळालेले आमचे कितीतरी लोक जूनमध्ये जागे होतात आणि मग हळहळत बसतात.

आणि महापौर म्हणजे मुंबईसारखा नाही हं. तिथे खरी सत्ता आयुक्तांकडे, इथे महापौर हाच आयुक्त म्हटलं तरी चालेल. पोलीस, शाळा, कचरा सगळं त्याच्या हाताखाली. तुम्ही रेंट स्टॅबिलाइज्ड घरात, म्हणजे भाडेवाढीवर मर्यादा असलेल्या घरात राहत असाल (अशी शहरात साधारण 10 लाख घरं आहेत) तर भाडं किती वाढणार ते ठरवणाऱ्या बोर्डाचे 9च्या 9 सदस्य तोच नेमतो. म्हणून म्हणते, मत नसलं तरी बघा.

2021 पासून प्रायमरीत एकाच नावावर शिक्का नसतो, पसंतीक्रमाने 5 नावं देता येतात. सगळ्यात कमी मतं ज्याची तो बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात, विधान परिषदेची मतमोजणी ज्यांनी फॉलो केलीय त्यांना लगेच कळेल. त्यामुळे पहिल्या रात्रीचा आकडा म्हणजे निकाल नाही. 2021 ला एरिक ॲडम्स शेवटी फक्त 7,197 मतांनी जिंकले, आणि मध्येच निवडणूक बोर्डाने चाचणीच्या सुमारे 1 लाख 35 हजार मतपत्रिका चुकून मोजणीत धरल्या होत्या, आकडे मागे घ्यावे लागले! आपण उगाच आपल्याकडच्याच गोंधळाला नावं ठेवतो.

आता ऑड्सचं, म्हणजे कोण जिंकणार यावर लागणाऱ्या भावाचं. कल्शी, पॉलीमार्केट अशा पैसे लावायच्या वेबसाइटवर उमेदवारांवर भाव लागतात आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट फिरतात. राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टा बाजाराची सवय असेल तर आधी डोकं उलटं करा, तिथे भाव कमी म्हणजे जिंकायची शक्यता जास्त, इथे भाव जास्त म्हणजे शक्यता जास्त. एका डॉलरपैकी 62 सेंट भाव म्हणजे लोकांच्या मते जिंकायची शक्यता 62 टक्के, 62 टक्के मतं नव्हेत!! हे मी ग्रुपवर किती वेळा लिहिलंय विचारू नका.

आणि हा भाव म्हणजे काही आतली बातमी नसते. भाव लावणारे तेच पोल वाचतात जे आपण वाचतो. 2025 मध्ये महिनोन्महिने न्यूयॉर्क राज्याचा माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोच पुढे होता, राज्याच्या विधानसभेतला आमदार झोहरान ममदानी फेब्रुवारीत काही पोलमध्ये 1 टक्क्यावर होता, आणि 24 जूनला पहिल्या पसंतीतच तो पुढे गेला, कुओमोने त्याच रात्री हार मान्य केली, शेवटच्या फेरीत साधारण 56 विरुद्ध 44. मग कुओमोने आपल्याकडच्यासारखी सरळ बंडखोरी केली, अपक्ष उभा राहिला, म्हणून त्या वर्षी नोव्हेंबरमध्येही मजा आली, 20 लाखांवर मतदान झालं, आणि ममदानीच जिंकला. सिटी कौन्सिलच्या (नगरसेवकांच्या) छोट्या सीट्सवर तर भाव बघूच नका, पैसा इतका कमी असतो की एकट्या माणसाने मनात आणलं तर आकडा हलतो. मी स्वतः एक डॉलर लावत नाही, नवरा म्हणतो भित्री, असू दे.

व्हिसावाल्यांनी एवढं मात्र नीट वाचा. लायसन्स काढताना डीएमव्हीच्या (म्हणजे इथलं आरटीओ) फॉर्मवर मतदार नोंदणीचा प्रश्न असतो, घाईत टिक करू नका. नागरिक नसताना नोंदणी केली तर पुढे ग्रीन कार्ड, नागरिकत्व सगळं अडकू शकतं. नागरिक नसलेल्यांना शहराच्या निवडणुकीत मत देऊ देणारा कायदा झाला होता, तो मार्च 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने रद्द केला, त्यामुळे जुनी माहिती कोणी फॉरवर्ड केली तर विश्वास ठेवू नका. एच वन बीवर उमेदवाराला देणगीसुद्धा चालत नाही, ग्रीन कार्डवर चालते. बिनपगारी व्हॉलंटियर म्हणून पत्रकं वाटायला हरकत नाही. सबवेबाहेर प्रायमरीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव यावं म्हणून क्लिपबोर्ड घेऊन सह्या मागणारे भेटतील, त्यांना पक्षात नोंद असलेल्या मतदाराचीच सही लागते, सरळ नाही म्हणा, रागावत नाहीत.

नदीपलीकडे जर्सी सिटीत घर घेतलं असेल तर यातलं निम्मं विसरा, तिथे महापौराला पक्षाची प्रायमरीच नाही. सगळे नोव्हेंबरमध्ये एकत्र उभे राहतात, 50 टक्के कोणालाच नाही मिळाले तर पहिल्या दोघांची परत लढत. 2025 ला तसंच झालं, 2 डिसेंबरला जेम्स सॉलोमनने न्यू जर्सीचा माजी गव्हर्नर मॅकग्रीव्हीला हरवलं, आणि आमचे तिकडचे मित्र ममदानीच्या निकालाचे पेढे खाऊन झोपलेले, स्वतःच्या गावची निवडणूक अजून बाकी आहे हे अर्ध्यांना माहीतच नव्हतं.