‘बँड विकला गेला’ असं टाइप करायच्या आधी काय काय तपासायचं

आपल्या कोल्हापुरातल्या एखाद्या बँडचं गाणं रीलवर चाललं, पुण्या-मुंबईत शो लागला, की खाली कमेंटा सुरू. ‘पहिल्यासारखं राहिलं नाही भावा’, ‘कमर्शियल झाले’, ‘विकले गेले’. मला हा आरोप हलका वाटत नाही. ज्याला गाणं मनापासून आवडलेलं असतं तोच असं बोलतो, ज्याला काही पडलेलीच नसते तो गप पुढं स्क्रोल करतो. पण आरोप जड आहे म्हणूनच तो करायची काहीतरी पद्धत पाहिजे, आणि मी जी वापरतो ती इथं सांगतोय, बँड आपल्या गल्लीतला असो नाहीतर अमेरिकेतला.

सगळ्यात आधी नक्की काय बदललं ते एका वाक्यात लिहून काढा, आणि ‘सगळंच बदललं’ हे उत्तर धरायचं नाही. गाणं बदललं का, गाण्याबद्दल निर्णय घेणारा माणूस बदलला का, पैसा येतो ती जागा बदलली का, का नुसती समोरची गर्दी बदलली? ह्या चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि आपण त्या एकाच शिवीत कोंबतो.

गाणं बदललं असं वाटत असेल तर अमेरिकन गायक बॉब डिलनचं प्रकरण बघा. १९६५ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि आरडाओरडा झाला, पुढच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरला चालू शोमध्ये प्रेक्षकांतून एकजण ‘ज्यूडस!’ म्हणून ओरडला, म्हणजे चांदीच्या नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा तो. आता गंमत नाही, नीट विचार करा, डिलनचा पहिला अल्बम १९६२ सालीच कोलंबियासारख्या बड्या कंपनीनं काढला होता, मग १९६५ ला तो नव्यानं विकला कसा गेला? पैशाची जागा तीच होती. लोकांना लागलं ते हे की अकूस्टिक गिटारवर चळवळीची गाणी म्हणणारा आपला माणूस आपल्या हातातून सुटला. दुःख खरं होतं, पण आरोप चुकीच्या खात्यावर टाकला गेला.

म्हणून नियम असा, फक्त साउंड बदलला असेल तर ‘मला आवडलं नाही’ एवढंच लिहा. त्यात कमीपणा काय नाही, उलट बँडला त्याचा उपयोग होतो.

मेटॅलिका ह्या अमेरिकन मेटल बँडचं जरा सविस्तर सांगतो कारण तिथं दोन वेगवेगळे आरोप एकात एक मिसळलेत. १९९१ ला त्यांचा तो काळ्या कव्हरचा अल्बम आला, निर्माता नवीन, बॉब रॉक, गाणी आधीपेक्षा छोटी आणि संथ, आणि जुने थ्रॅशवाले, म्हणजे फास्ट आणि आक्रमक मेटल ऐकणारे, फॅन पेटले की रेडिओसाठी मऊ झाले. मला विचाराल तर हा आरोप टिकत नाही, कारण जन्मभर फास्टच वाजवू असा शब्द त्यांनी कोणाला दिला नव्हता. पण २००० साली त्यांनी नॅपस्टरवर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांना गाणी फुकट शेअर करायची सोय देणाऱ्या कंपनीवर, केस टाकली आणि गाणी शेअर करणाऱ्या तीन लाखांहून जास्त युजरची यादी कंपनीला नेऊन दिली, तेव्हा फॅनच्या पोटात जे दुखलं ते मला पटतं. १९८२ सालचा त्यांचा डेमो पोरांनी कॅसेटवरून कॅसेटवर कॉपी करून, पोस्टानं एकमेकांना पाठवून गावोगाव पोचवला होता, त्याच्यावर बँड उभा राहिला, आणि आता तसंच वागणारी पोरं चोर ठरली. बँडची बाजूही होती, अर्धवट गाणं बाहेर फुटून रेडिओवर वाजायला लागलं तर कोणीही चिडेल. तरीपण ज्यांच्या खांद्यावर चढून वर गेलो त्यांचीच नावं यादीत लिहून द्यायची हे वेगळं आहे. हा फरक करता आला की निम्मं काम झालं.

आता पैसा. ‘कंपनीशी सही केली, आता लाखात खेळणार’ असं धरून बोलायच्या आधी हिशोब समजून घ्या. कंपनी जो ॲडव्हान्स देते ती उचल असते, बक्षीस नव्हे. रेकॉर्डिंगचा खर्च, निर्मात्याची फी, व्हिडिओचा खर्च, ह्यातलं बरंचसं बँडच्याच रॉयल्टीतून कापून घेतलं जातं, शिवाय मॅनेजर आणि वकील आहेतच. स्टीव्ह अल्बिनी, जो स्वतः बँडमध्ये वाजवायचा आणि रेकॉर्डिंगचं काम करायचा, त्यानं १९९३ मध्ये एका लेखात असा नमुना हिशोब मांडून दाखवला होता. अडीच लाख प्रती खपलेल्या बँडमधल्या प्रत्येकाच्या हातात शेवटी साधारण ४,००० डॉलर. तेव्हा जो बँड तुम्हाला श्रीमंत दिसतोय तो कदाचित उचल फेडतोय. इथं किती मिळाले हे विचारू नका, गाण्याचे हक्क कोणाकडे गेले आणि पुढच्या अल्बमला ‘नाही’ म्हणायची ताकद कोणाकडे राहिली ते विचारा. ती ताकद गेली असेल तर काळजी करायला जागा आहे.

आणि पैसा घेतला म्हणजे कला बाटली हे आपण कोल्हापूरकरांनी तरी म्हणू नये. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात आश्रय दिला म्हणून शास्त्रीय संगीतातली जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली. गोविंदराव टेंबे नाटकाच्या रंगभूमीवरून १९३२ ला प्रभातच्या बोलपटात गेले, आणि पुढच्या वर्षी प्रभातच कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. पैसा होता, जाणं-येणं होतं, काम मोठं झालं.

मग खरा आरोप कधी करायचा? बँडनं स्वतःच्या तोंडानं दिलेला शब्द मोडला असेल तेव्हा. अमेरिकेत बर्कलीत गिलमन स्ट्रीटवर एक क्लब आहे, १९८६ च्या शेवटी सुरू झालेला, बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडनं इथं वाजवायचं नाही हा तिथला नियम. ग्रीन डे हा पंक बँड तिथंच वाढला, मग मोठ्या कंपनीकडं गेला, १९९४ ला अल्बम तुफान चालला आणि त्यांना तिथलं दार बंद झालं, परत वाजवायला थेट २०१५ साल उजाडलं. मला इथं दोन्ही बाजू मान्य आहेत, नियम सगळ्यांना माहीत होता, तो मोडला, किंमत मोजली. चुम्बावाम्बा तर इंग्लंडमधला अराजकतावादी बँड, ईएमआय ह्या बड्या संगीत कंपनीच्या विरोधातल्या गाण्यांच्या संकलनात सहभागी झालेला, आणि १९९७ ला सही केली ती ईएमआयशीच. हा आरोप त्यांच्यावर शंभर टक्के लागू होतो. पण पुढं २००२ मध्ये जनरल मोटर्सला जाहिरातीसाठी गाणं दिलं आणि ते पैसे अशाच कंपन्यांच्या मागावर असलेल्या कार्यकर्त्यांच्या संघटनांना देऊन टाकले, तेही हिशोबात धरायला पाहिजे. उलट फुगाझी ह्या अमेरिकन पंक बँडनं स्वतःचंच लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, ठेवलं आणि तिकीट पाच डॉलरच्या आसपास राहील असं बघितलं, म्हणजे शब्द पाळता येतो.

आपल्याकडं हा प्रश्न सुपारीचा आहे. लग्नाची सुपारी घेतली, गणपतीत मंडळापुढं वाजवलं, त्यात पाप नाही, ड्रमरला घरभाडं असतं. पण जो बँड स्टेजवरून पुढाऱ्यांना शिव्या घालणारी गाणी म्हणतो तोच पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, मागं त्याचा भलामोठा फ्लेक्स, तीच गाणी गाळून वाजवतो, तिथं बोलायलाच पाहिजे. गाळलेलं गाणं हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात पक्का पुरावा. सेटलिस्ट, म्हणजे शोमध्ये वाजवलेल्या गाण्यांची यादी, बघा, सगळं कळतं.

राहिली गर्दी, आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा दुखणं इथंच असतं. बँडला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा राजारामपुरीतल्या जिन्यावरून दोघांनी अँप धरून वर चढवलेला असतो, एकजण खालून ‘सावकाश, कोपरा लागंल’ म्हणतोय, वर खोलीत भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, पंखा बंद कारण माइकमध्ये आवाज येतो, आणि घामाघूम होऊन ऐकणारी मोजकी टाळकी. तेव्हा पोस्टर चिकटवायला, लिंक फॉरवर्ड करायला तुम्हीच होता. मग हिट गाण्यानंतर पुढच्या रांगेत अशी माणसं दिसतात ज्यांना ते एकच गाणं येतं आणि बाकीचा वेळ ती गप्पा मारतात. राग येणारच. शाहू स्टेडियमवर एका पेठेचा प्लेअर पुढच्या सीझनला दुसऱ्या पेठेच्या टीममधून उतरला की आपण जे बोलतो तेच हे, खेळ त्याचा तोच असतो पण तो आता आपला नसतो. ह्या रागाला ‘मला परकं वाटतंय’ असं नाव द्या आणि शक्य असेल तर बँडला सरळ मेसेज करून तसंच सांगा. पब्लिकमध्ये ‘विकले गेले’ लिहिलं की समोरचा बचावात जातो, आणि बोलणं तिथंच संपतं.

बँडवाल्यांनो, तुमच्यासाठी थोडं. जाहिरात किंवा करार घेणार असाल तर बातमी बाहेरून कळायच्या आत जुन्या लोकांना स्वतः सांगा, का घेतोय आणि कशाला नाही म्हटलंय तेही सांगा. वर्षातून एक शो लहान जागेत, जुन्या दरात, जुन्या गाण्यांचा ठेवा. आणि ‘आम्ही कधीच अमुक करणार नाही’ असली वाक्यं मुलाखतीत फेकू नका, ती पाच वर्षांनी स्क्रीनशॉट होऊन परत येतात.

एवढं सगळं तपासून आरोप खरा निघाला, म्हणजे दिलेला शब्द मोडला, गाणं गाळलं, जुन्या माणसांना उलटं टांगलं, तर मग कच खाऊ नका. काय केलं, कधी केलं, आधी काय म्हणाले होते, तीन ओळीत लिहा, शिवी न देता, आणि त्यांच्या पुढच्या शोच्या तिकिटाचे पैसे शहरातल्या ज्या नव्या पोरांना अजून कोणी ऐकत नाही त्यांच्या शोला द्या.