ॲडब्लॉकर कुठे चालू ठेवावा, कुठे बंद करावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत राहणाऱ्या मराठी वाचकाला गावची बातमी मोबाइलवर मराठीत वाचायची असेल, तर त्याच्यापुढे पर्याय मोजकेच असतात. सरकारी परिपत्रके कन्नडमध्ये निघतात आणि सर्वोच्च न्यायालयातील २००४ च्या सीमादाव्याची तारीख पुढे गेली की नाही, हे कळण्यासाठी माणूस दोन-तीन जणांनी चालवलेले स्थानिक संकेतस्थळ उघडतो. त्या मंडळींचा खर्च जाहिरातींतून निघतो. त्यामुळे ॲडब्लॉकर, म्हणजे पानावरील जाहिराती अडवणारे साधन, बसवावा की नाही, यापेक्षा तो कोणत्या संकेतस्थळावर चालू ठेवावा, हा प्रश्न येथे अधिक खरा आहे.

बसवण्यात गैर काही नाही. पेपरात घातलेले साडी सेलचे पत्रक आपण न वाचता रद्दीत टाकतो आणि त्याला कोणी चोरी म्हणत नाही. मात्र दोन फरक ध्यानात घ्यावेत. पत्रकाचे पैसे आधीच चुकते झालेले असतात, तर संकेतस्थळाला जाहिरात दिसली तरच पैसे मिळतात. शिवाय आपण पुढे खडेबाजारात कोणत्या दुकानाची पायरी चढलो, हे पत्रकाला कळत नाही. इंटरनेटवरील जाहिरात मात्र बहुधा माग काढत असते. सुरक्षिततेचा मुद्दा वेगळाच. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शोधनिकालांतील बनावट जाहिरातींबाबत सावध करताना ॲडब्लॉकर वापरण्याचाच सल्ला दिला होता. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर तो असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधन निवडताना ते कोणाच्या पैशावर चालते ते पाहावे. ॲडब्लॉक प्लसने २०११ पासून ‘स्वीकारार्ह’ जाहिराती आपोआप दिसू देण्याची पद्धत सुरू केली आणि मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी शुल्क घेतले जाते. वाचकाला ती सूट सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. यूब्लॉक ओरिजिन अशी सूट कोणालाच देत नाही आणि देणगीही घेत नाही. अँड्रॉइडवर ते फायरफॉक्समध्ये पूर्णपणे चालते; संगणकावरील क्रोममध्ये आता त्याची ‘लाइट’, म्हणजे कमी क्षमतेची, आवृत्तीच वापरावी लागते.

एखाद्या संकेतस्थळाला सूट द्यायची असेल, तर ते उघडून यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी मारावी, मोठे पॉवरचे बटण बंद करावे आणि पान पुन्हा लोड करावे. ही निवड त्या संकेतस्थळापुरती लक्षात ठेवली जाते. आठवडाभर पाहावे. जाहिरात मजकुरावर चढून बसत असेल, आपोआप आवाज करत असेल किंवा ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असे सांगत असेल, तर बटण पुन्हा चालू करावे आणि कारण संपादकांना दोन ओळींत कळवावे. असे कोणी कळवत नाही, म्हणून त्यांना कळतही नाही.

एक चूक मात्र आवर्जून टाळावी. मदत म्हणून जाहिरातींवर उगाच क्लिक करू नये. संकेतस्थळांना जाहिराती पुरवणारी गूगल ॲडसेन्स ही सेवा अशा क्लिकना अवैध मानते आणि त्यापायी बिचाऱ्या मालकाचे खातेच बंद होऊ शकते. २०२४ पासून ॲडसेन्सचे पैसे क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मिळतात, तेव्हा पान शांतपणे वाचणे पुरेसे आहे.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी पहिल्यांदा स्वतःचे पान ॲडब्लॉकर बंद करून, स्वस्तातल्या फोनवर उघडून पाहावे. कोअलिशन फॉर बेटर ॲड्स या जाहिरात उद्योगातील गटाच्या निकषांनुसार मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा जाहिरातींनी व्यापणे वाचकाला नकोसे होते, आणि हे निकष मोडणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती क्रोम २०१८ पासून गाळत आला आहे. उपाय जुनाच आहे. कुंदा विकणारे, सराफ आणि शिकवणीवर्ग यांच्याकडून थेट महिन्याच्या बोलीवर जाहिरात घ्यावी आणि तिचे साधे चित्र आपल्याच सर्व्हरवर ठेवावे. त्यात माग काढणारा कोड नसल्याने ते सहसा अडवले जात नाही. फक्त फोल्डरचे नाव ‘ॲड्स’ ठेवू नये, कारण ॲडब्लॉकर ज्यांवरून जाहिराती ओळखतो त्या गाळणीच्या याद्या तेवढ्यावरूनही चित्र अडवू शकतात. जाहिरात आहे हे मात्र वर स्पष्ट लिहावे, बातमीच्या वेषात ती देऊ नये.

ॲडब्लॉकर दिसताच पान कुलूपबंद करण्याचा मोह आवरावा. वाचक मागे फिरतो आणि पुन्हा येत नाही. त्याऐवजी बातमीच्या खाली एक ओळ पुरे: ‘आमचा खर्च जाहिरातींवर चालतो, जमल्यास आमच्यापुरता ॲडब्लॉकर बंद ठेवावा, नाहीतर खालील यूपीआय क्यूआरवर वर्गणी द्यावी.’ ती ओळ मिटवण्याची फुली अंगठ्याने सहज दाबता येईल एवढी मोठी ठेवावी.