ज्यू इतिहासातली जुनी नाणी जमवायचीत? मग आधी प्रुता, म्हणजे छोटं ब्राँझचं नाणं, घ्या

नवीन लोक बहुतेक थेट शेकेलच्या मागे लागतात, म्हणजे ते ज्यूंच्या रोमविरुद्धच्या पहिल्या बंडातलं, इ.स. 66 ते 70 मधलं चांदीचं नाणं, एकीकडे चषक आणि दुसरीकडे तीन डाळिंबं. देखणं आहे यात वादच नाही, पण महाग आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर फिरतात. हात बसेपर्यंत थांबा.

सुरुवात ज्यू राजा अलेक्झांडर यान्नायच्या (इ.स.पू. 103 ते 76) ब्राँझच्या प्रुतापासून करा. ही इतकी पाडली गेली की आजही स्वस्तात मिळते. एका बाजूला जहाजाचा नांगर, दुसऱ्या बाजूला आठ किरणांचा तारा. राजाचा चेहरा शोधत बसू नका, हसमोनियन म्हणजे त्याच्या घराण्यातल्या राजांनी नाण्यावर माणूस काढलाच नाही. कड मात्र नीट बघा. आधी चुनखडीच्या साच्यात कोऱ्या चकत्यांची माळ ओतायचे, त्यावर ठसा मारायचे आणि मग एकेक नाणं तोडायचे, त्यामुळे दोन बाजूंना तोडल्याची खूण असते आणि ती असणं चांगलंच. पण कडेभोवती गोल फिरणारी जोडरेषा, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असं दिसलं की ते साच्यात ओतलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी, नाणं परत ठेवा. काही जण वाळू गोंदाने चिकटवून 'वाळवंटी पॅटिना' (काळाने नाण्यावर चढणारा थर) बनवतात, तो गोंद बऱ्याचदा अ‍ॅसिटोनमध्ये सुटतो.

मग बार कोखबाच्या, म्हणजे ज्यूंच्या रोमविरुद्धच्या नंतरच्या बंडाची (इ.स. 132 ते 135) नाणी. मला सगळ्यात भारी वाटतात ती हीच, कारण रोमन नाणी घेऊन त्यांच्यावरच नवा ठसा मारलाय, आणि भिंगाखाली धरलं की द्राक्षांच्या घडाच्या आड कधीकधी सम्राटाच्या चेहऱ्याची रेघ अजून दिसते!

वस्तूंमध्ये हेरोदकालीन (रोमन काळातला ज्यू राजा हेरोद) मातीचा दिवा घ्या, साधा, नक्षी नसलेला. कोरलेला मजकूर असेल तर दुप्पट संशय घ्या. इस्रायल म्युझियमने 1988 मध्ये साडेपाच लाख डॉलरला घेतलेलं छोटं कोरीव डाळिंब आठवा, ते जुनंच होतं पण 2004 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने त्यावरचा मजकूर बनावट ठरवला.

आता कागदपत्रं, इथे अजिबात सूट देऊ नका. इस्रायलच्या 1978 च्या कायद्याने माणसाने बनवलेली 1700 पूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते, तेव्हापासून जमिनीत सापडलेलं सगळं सरकारचं, आणि विक्री फक्त परवानाधारक डीलरकडून. देशाबाहेर न्यायची तर पुरातत्त्व प्राधिकरणाची निर्यात परवानगी वेगळी लागते. आधीचा मालक कोण, कुठल्या लिलावातून आलं हे लेखी मागा. डीलर टाळाटाळ करायला लागला की सरळ निघा, कारण चोरून खणलेलं नाणं नेमकं कुठल्या थरातून आलं ते पुन्हा कधीच कळत नाही आणि तो इतिहास कायमचा गेला.

घरी आणल्यावर घासू नका, पॉलिश तर नकोच. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, कोरड्या जागी सिलिका जेलसोबत ठेवा. ब्राँझवर फिकट हिरवी पावडर दिसली तर तो ब्राँझचा रोग आहे, म्हणजे धातू खात जाणारा गंज, ते नाणं लगेच बाजूला काढून जाणकाराला दाखवा.